सात रस्त्यावरची लंडनची बाबागाडी

मी एक जुनी बाबागाडी आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण सोलापुरात आल्यापासून मला बाबागाडी असं कुणी म्हटलेलंच नाही. सात रस्त्याजवळच्या ज्या गल्लीत मी राहते, तिथं माझं नाव 'सिद्धलिंगप्पांचा भाजीचा गाडा' असं पडलं आहे. माझ्या अंगाला मेथीचा वास येतो आणि शिवणीत ज्वारीचे दाणे अडकलेले असतात. पण मित्रांनो, मी लंडनची आहे. एके काळी मला चढता यावं म्हणून तिथली बस एका अंगानं खाली वाकत असे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. तशी एक चिठ्ठी माझ्या बुडाशी शिवलेली होती, पण पहिल्या घरातल्या बाळानं ती चावून चावून गिळली. दुसऱ्या घरात जुळी झाली आणि माझ्यात तर एकच जागा. तेव्हा त्यांनी मला फुटपाथवर ठेवलं आणि वर 'घेऊन जा' असा कागद चिकटवला. त्या शहरात असं करतात.

त्या रस्त्यानं दानेश्वरी तीनदा गेली. तिला सातवा महिना होता. सोलापूरकडच्या वैरागला वाढलेल्या मुलीनं रस्त्यावरची वस्तू कशी उचलायची, या लाजेनं ती दर वेळी माझ्याकडं न बघितल्यासारखं बघायची आणि पुढं जायची. चौथ्या वेळी तिचा नवरा मंजुनाथ बरोबर होता. त्यानं इकडंतिकडं बघितलं, मला उचललं आणि चार जिने एका दमात चढला, कारण तिथं लिफ्ट नव्हती. सोलापुरात आईला मात्र त्यानं गाडी दुकानातून आणल्याचं सांगितलं. आई म्हणजे चंद्रव्वा. नवी गाडी म्हटल्यावर पूजा हवीच, म्हणून तिनं व्हिडिओ कॉलवर माझं दर्शन घेतलं आणि फोनच्या काचेलाच विभूती-कुंकू लावलं. पुढचे आठ दिवस तिला आपला मुलगा मळवट भरलेला दिसत होता.

त्यांचं घर म्हणजे एक खोली. तीत पलंग, शेगडी, कपड्यांचं कपाट आणि मी. सिद्धेश्वरी जन्मली, तिची सिद्धी झाली, आणि मी तिचा पाळणा, खुर्ची आणि ताटही झाले. दानेश्वरी ओट्यावर भाकरी थापायची तेव्हा तिचा एक पाय माझ्या चाकांमधल्या दांडीवर असायचा. पायानं मला एक वीत पुढं लोटायची, एक वीत मागं ओढायची. माझं पुढचं उजवं चाक मुळातच कुरकुरं. पुढं जाताना 'कुईं', मागं येताना फरशीच्या सांध्यावर 'खट्'. वर भाकरीची थाप आणि खाली कुईं-खट्. तेवढ्यावर सिद्धी झोपायची. खालच्या मजल्यावरचे आजोबा मात्र जागे व्हायचे आणि काठीनं छत ठोकायचे, म्हणून परातीखाली दानेश्वरीनं सोलापुरी चादरीची घडी घातली. थापेचा आवाज कमी झाला. माझा कुणी बंद केला नाही.

एका रविवारी मंजुनाथनं कागदावर मधोमध रेघ ओढली. या शहरात पोर वाढवायचं तर एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे. फायद्यात बागा आल्या, वाचनालय आलं, वेळेवर येणारी बस आली. तोट्यात भाडं, भाडं आणि पुन्हा भाडं. त्यातच दानेश्वरीची रजा संपली. ती दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर बाळ सांभाळायला ठेवावं तर त्याची फी घरभाड्याच्या वरताण. गावाकडच्यासारखी शेजारणीला हाक मारावी तर अकरा महिन्यांत शेजारच्या दारातून कुणी 'बाळ कुणाचं' म्हणून डोकावलेलं नव्हतं. कागद भरला, पण सिद्धीला कुठल्या बाजूला लिहायचं ते दोघांना कळेना. शेवटी ठरलं की थोडे दिवस तिला अज्जा-अज्जीकडं, म्हणजे आजोबा-आजीकडं, सोलापूरला ठेवायचं. मंजुनाथ तिला घेऊन निघाला. विमानात बाबागाडीला वजन माफ असतं, म्हणून मीही आले. त्या दिवशी दानेश्वरीनं विमानतळावर माझी मूठ सोडली नाही, ती मंजुनाथनं बोट बोट करून सोडवली. सिद्धी तेव्हा चौदा महिन्यांची होती.

सोलापुरात पोचल्यावर फाटकातच चंद्रव्वानं सिद्धीला माझ्यातून उचललं, आणि तिथं माझी नोकरी संपली. या गावात बाळाला गाडी लागत नाही हो. मांड्याच इतक्या असतात! अज्जीची मांडी, अज्जाचा खांदा, समोरच्या अमिनाची कंबर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा हात. लंडनात चौदा महिन्यांत कुणी न विचारलेला प्रश्न इथं गल्लीच्या तोंडापासून फाटकापर्यंत आठ जणांनी विचारला. अंगण होतं, गच्ची होती, ऊन होतं. सिद्धीचे गाल भरले आणि मी कोपऱ्यात धूळ खात उभी राहिले. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही.

मला पुन्हा कामाला लावलं ते सिद्धलिंगप्पांनी. हे म्हणजे अज्जा, यंत्रमागाच्या कारखान्यात जन्मभर फिटर. चार चाकांची चांगली गाडी नुसती उभी आहे हे त्यांना बघवेना. त्यांनी माझ्यात आधी दळणाचा डबा ठेवला, मग वांगी, मग शेंगदाण्याचं पोतं. सात रस्त्याला फुटपाथवर दुकानं आणि रस्त्यावर माणसं, अशात आमची वरात निघायची. रिक्षावाला नईम रोज माझ्यात डोकावून विचारायचा, "चचा, बच्चा कां है?" अज्जा सांगायचे, बच्चा न्हाय, ज्वारी हाय. एकदा माझ्यात भोपळा होता, वर फडकं होतं, आणि ते बघून चौकातल्या हवालदारानं दोन्हीकडची वाहनं थांबवून आम्हाला वाट करून दिली. अज्जांनी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र ते भोपळ्याला सिद्धीचं टोपडं घालून निघू लागले.

आता एक गोष्ट सांगते, जी त्या घरात फक्त मला ठाऊक होती. मी कुरकुरत फाटकात आले की सिद्धी असेल तिथून पळत यायची. सगळे हसायचे. केळी आली म्हणून पळत येते, असं चंद्रव्वा कौतुकानं सांगायची. पण पोरगी केळ्यांकडं बघायची नाही. ती माझी मूठ धरायची, मुठीवरचा हात बघायची, आणि हात अज्जाचा आहे असं दिसलं की परत जायची. दहा महिने रोज हे चाललं होतं. मला बोलता येत असतं तर मी बोलले असते.

मम्मी मात्र रोज संध्याकाळी यायची, फोनमध्ये. सिद्धी फोनच्या काचेला दहीभाताचा घास भरवायची आणि तिकडं दानेश्वरी आ करायची. फोन भाताचा व्हायचा, अज्जा तो धोतरानं पुसायचे. मम्मी कुठं राहते असं अमिनानं विचारलं की सिद्धी फोनवर बोट ठेवायची. घरात हे कौतुकाचं होऊन बसलं होतं.

मग दानेश्वरीनं कळवलं की ती येतेय, दहा दिवसांसाठी, आणि जाताना सिद्धीला नेणार. तिनं सकाळची पाळी मागून घेतली होती आणि मंजुनाथनं दुपारनंतरची. पोरीजवळ सदा कुणीतरी राहणार होतं, फक्त नवराबायकोची भेट दारात चाव्या देता-घेताना होणार होती. घर आनंदलं. सूनबाई येणार आणि तिची गाडी अशी कुरकुरणार, हे अज्जांना बरं दिसेना. ज्या माणसानं जन्मभर मागाचा आवाज ऐकून बिघाड ओळखला, त्यानं माझी कुरकूर दहा महिने सोसली ती केवळ परदेशी गाडीला कुठलं तेल चालतं हे ठाऊक नव्हतं म्हणून. आता त्यांनी विचार केला नाही. मला धुतलं, उलटं केलं आणि प्रत्येक चाकाला यंत्राच्या तेलाचे चार-चार थेंब दिले. मी मुकी झाले.

दानेश्वरी फाटकातून आत आली आणि हात पसरून खाली बसली. सिद्धी अज्जीच्या पदराआड गेली. बऱ्याच हाका मारल्यावर ती बाहेर आली, दानेश्वरीला नीट बघितलं, आत पळाली आणि अज्जीचा फोन घेऊन आली. तो दानेश्वरीच्या हातात देत म्हणाली, "मम्मी." म्हणजे मम्मी तर या डब्यात असते, बाई.

पुढचे चार दिवस कसे गेले ते विचारू नका. चॉकलेटं झाली, बाहुली झाली. सिद्धी चॉकलेट घ्यायची आणि फोनला भरवायची. दानेश्वरी जवळ आली की अंग आक्रसून घ्यायची, आणि रात्री अज्जीच्या कुशीतून हलायची नाही. चौथ्या दिवशी चंद्रव्वा म्हणाली ते काही वाईट मनानं नाही. तिचं म्हणणं, असं रडवून पोरीला विमानात कसं न्यायचं? तिथं एका खोलीत कोंडायचं, ऊन नाही, माणूस नाही, इथं काय कमी आहे? अजून एक वर्ष राहू दे.

दानेश्वरी सासूला म्हणाली, "हितं तिला सगळं हाय, अत्ती. फकस्त आई तेवढी न्हाय. अजून एक वरीस ऱ्हायली तर आई कशाला लागती, हे बी तिला कळायचं न्हाय."

राहिलेले दिवस सहा.

पाचव्या दिवशी दानेश्वरी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायला उभी राहिली. मी वांग्यांसकट ओट्याजवळ उभी होते. सवयीनं तिचा पाय माझ्या दांडीवर आला आणि तिनं मला एक वीत पुढं लोटलं, एक वीत मागं ओढलं. तिचा थापणारा हात थांबला. तिनं वाकून माझ्या चाकाकडं बघितलं.

"मामा," तिनं सासऱ्याला विचारलं, "हिचा आवाज कुटं गेला?"

"तेल दिलंय की," अज्जा अभिमानानं म्हणाले. "लई कुरकुरत हुती. आता बघ कशी लोण्यावानी चालती."

तेव्हा दानेश्वरी जी रडली, ती आल्यापासून पहिल्यांदा. पिठाच्या हातांनी रडली आणि रडत रडत सांगितलं की त्या खोलीत याच आवाजावर पोरगी झोपायची, आपण हा पाय रोज हलवायचो. अज्जा तेलाची बुधली धरून उभे राहिले. आणि चंद्रव्वाचा चेहरा हळूहळू बदलला. तिला फाटकाकडं पळणारी सिद्धी आठवली, मुठीवरचा हात बघणारी. ती पुटपुटली, "मंजे केळासाठी न्हवतं व्हय ते."

मित्रांनो, तिला गप्प बसता आलं असतं. नात तिच्या कुशीत होती, आणखी पाच दिवस गेले असते की विमानही गेलं असतं. पण तिनं चुलीवरचं आधण उतरवलं, धुण्याचा सोडा घेतला आणि नवऱ्याला म्हणाली, "बसा खाली. काढा ते तेल."

त्या दुपारी माझे जे हाल झाले ते कुठल्या बाबागाडीचे झाले नसतील. मला गरम पाण्यानं धुतलं, दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासलं, चाकात रांगोळी भरली. तेल निघेना. यंत्राचं तेल ते, आणि लावणारा माणूस कामाला पक्का. ज्यानं आयुष्यभर कुरकुरी घालवल्या त्याला एक कुरकूर काही परत आणता येईना. शेवटी सात रस्त्यापुढं जिथं रस्ता खणलेला असतो, म्हणजे कायमच असतो, तिथल्या धुळीत ते मला पुढं-मागं, पुढं-मागं लोटत राहिले. नईमनं रिक्षा थांबवली. आवाज जात नाही का, असं त्यानं विचारलं. येत नाही, असं अज्जा म्हणाले. नईमनं थोडा विचार केला आणि म्हणाला, "मेरी रिक्षामें बहोत आवाजां हैं चचा. एक तुमे लेके जाव."

दिवेलागणीला, घराच्या वाटेवर, माझं पुढचं उजवं चाक बारीकसं बोललं. अज्जा इतके हरखले की फाटकापर्यंत त्यांनी मला उचलून आणलं, पुन्हा बिघडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी दानेश्वरी भाकऱ्या थापायला उभी राहिली. तिनं सिद्धीला हाक मारली नाही. नुसता पाय ठेवला. कुईं. खट्. कुईं. खट्. सिद्धी ओसरीवर फोनमधल्या बापाशी बोलत होती. ती थांबली. पळत आत आली आणि माझी मूठ धरली. मुठीवर कुणाचाच हात नव्हता. तिनं खाली बघितलं तर माझ्या दांडीवर एक पाय होता. पायावरून तिची नजर साडीवर गेली, साडीवरून पिठाच्या हातांवर आणि हातांवरून वर तोंडावर. बराच वेळ बघत राहिली. मग तिनं फोन जमिनीवर ठेवला, मेथीच्या जुडीवर पाय देऊन माझ्यात चढली, बसली आणि अंगठा तोंडात घातला. तिचे पाय आता माझ्या बाहेर लोंबत होते. दानेश्वरीनं थापणं थांबवलं नाही आणि पायही थांबवला नाही, फक्त भाकरी कुठं थापतेय ते तिला दिसत नव्हतं. जमिनीवरून मंजुनाथ विचारत होता की काय झालं, मला नुसता पंखा दिसतोय, कुणीतरी सांगा की. त्याला कुणीच काही सांगितलं नाही.

निघताना दानेश्वरी मलाही नेणार होती. चंद्रव्वानं सुनेकडं तेवढंच एक मागितलं, गाडी राहू दे म्हणाली. सिद्धी आईचं बोट धरून स्वतःच्या पायांनी रिक्षात बसली.

आता संध्याकाळी फोन येतो तेव्हा सिद्धी तिकडून काचेला घास भरवते आणि इकडं चंद्रव्वा आ करते. मग सिद्धी म्हणते, अज्जा, गाडी. अज्जा माझ्यातला भोपळा काढून ठेवतात आणि मला फोनसमोर पुढं-मागं लोटतात. चंद्रव्वाच्या तोंडात घास नसतोच, तरी ती बराच वेळ चावत राहते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या गाड्या शेवटी एकच विनवणी करतात, आमची निगा राखा म्हणून. माझीही आहे. माझ्यात खुशाल वांगी भरा, दळण न्या, भोपळ्याला टोपडं घाला. बाकीच्या तीन चाकांना वाटेल तेवढं तेल द्या. माझ्या पुढच्या उजव्या चाकाला मात्र कुणी हात लावू नका.