अठ्ठाविसावा पोचा

मित्रांनो, मी एक जुनी रंगपेटी आहे. नाटकातल्या माणसांचं तोंड रंगवायचं सामान माझ्या पोटात असतं. मी पत्र्याची आहे, रंगाने निळी आहे आणि चारही बाजूंनी पोचे पडलेली आहे. मला पाहिलं की लोक हळहळतात. बिचारीला कुणी जिन्यावरून टाकलं की काय, असं त्यांना वाटतं. तसं काही झालेलं नाही. मला लाथा बसल्या आहेत, आणि त्या लाथांचा मला फार अभिमान आहे. का, ते ऐका.

माझा जन्म फिनलंडमधल्या टाम्पेरे या कारखान्यांच्या शहरात झाला. हेल्वी नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला तिथल्या नाटक कंपनीत काम मिळालं होतं. तिचे वडील कारखान्यात पत्रा ठोकायचे. मुलीने नाटकात जाणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं. चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत, आणि पाचव्या दिवशी त्यांनी मला स्वतः घडवून तिच्या पुढ्यात ठेवलं. "जायचंच असेल तर सामान नीट ठेव," एवढंच ते म्हणाले. त्या घरात यालाच लाड करणं म्हणत.

पहिली तीन वर्षं हेल्वी रंगमंचावर फक्त ताट घेऊन यायची आणि ताट ठेवून जायची. तिची पाठच प्रेक्षकांच्या जास्त ओळखीची झाली. उन्हाळ्यात तळ्याकाठी उघड्यावर नाटकं होत. तिथे प्रेक्षकांची बसायची जागाच गोल फिरते आणि नाटक चहूबाजूंना चालतं. हेल्वी झाडाआड उभी राहून आपली पाळी येण्याची वाट पाहायची, आणि तोवर डासांचं जेवण व्हायचं.

त्या देशातल्या नाटकवाल्यांची एक गमतीची रीत आहे. पहिल्या प्रयोगाआधी ते एकमेकांना मागून गुडघ्याने हळूच लाथ मारतात. त्याने काम चांगलं होतं म्हणे. लाथ खाणाऱ्याने मात्र आभार मानायचे नाहीत, नाहीतर सगळं मुसळ केरात. पुढे हेल्वीला सिनेमात भूमिका मिळाली. गोठलेल्या तळ्यावर पातळ झगा घालून हसायचं होतं. तिथे ओळखीचं कुणीच नव्हतं. लाथ मारायला कुणी मिळेना, म्हणून तिने मलाच एक ठेवून दिली. तो माझा पहिला पोचा. मी खूप चिडले होते. पण ती तळ्यावर जी हसली, ते पाहून माझा राग गेला.

तेव्हापासून तसंच ठरलं. तिच्या भूमिका साठच्या वर झाल्या, पण पोचे सत्तावीसच आहेत. कारण साध्या कामाला साधी लाथ बसायची. भीती मोठी असली की पोचा पडायचा. टीव्हीच्या मालिकेत ती अकरा वर्षं नर्स होती. बाजारात बायका तिला आपली गुडघेदुखी सांगत, आणि ती सुद्धा बटाटे निवडता निवडता औषध सुचवायची. मग पन्नाशी आली. सिनेमाने तिला नायिकेची आई केलं, मग आजी केलं आणि शेवटी भिंतीवरच्या स्वर्गवासी आजीच्या फोटोत बसवलं. तिला वाईट वाटलं. मलाही वाटलं. चार वर्षं मी पलंगाखाली होते. पण नाटकाने तिला परत बोलावलं. एका लहान गावच्या थिएटरात तिने म्हातारीची मुख्य भूमिका केली आणि मला सव्विसावा पोचा पडला. सत्ताविसावा तिच्या निरोपाच्या प्रयोगाचा. तो सगळ्यात खोल आहे.

ऐंशीव्या वर्षी हेल्वी मुलीकडे राहायला आली आणि मी अमेरिकेत आले. मुलगी नीना मिशिगनमधल्या नोव्हाय इथे गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. शेजारच्या घरात नव्याने राहायला आलेली रुचा नीनाचं नाव ऐकून पहिल्याच दिवशी मोठ्या आशेने विचारायला आली, "तुम्ही मूळच्या कुठल्या? मुंबईच्या का?" उत्तर ऐकून ती हिरमुसली, पण सोबत आणलेला चिवडा ठेवून गेली. तिथून येणंजाणं सुरू झालं.

रुचा नागपूरची. कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धा गाजवायची. शेवटच्या स्पर्धेत मात्र भर रंगमंचावर तिचं पुढचं वाक्य गेलं. ते आठवलंच नाही आणि पडदा पाडावा लागला. त्यानंतर बारा वर्षं तिने तोंडाला रंग लावला नव्हता. यंदा महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे प्रल्हादकाकांनी, नाटक बसवायला घेतलं आणि मुख्य काम रुचाच्या गळ्यात घातलं. ती हो म्हणाली आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

"तू विसरशील असं फक्त तुलाच वाटतंय, यार," तिचा नवरा यतीन म्हणायचा. "मला तर तुझे सगळे डायलॉग पाठ झालेत. ड्राइव्ह करताना पण तेच डोक्यात."

"तुला पाठ होऊन काय उपयोग? स्टेजवर मी एकटी असणार आहे."

हे सगळं तिने हेल्वीआजीलाही सांगितलं. या वेळी फसली तर पुन्हा कधीच उभी राहणार नाही, असंही म्हणाली. हेल्वी उठली. आत गेली आणि मला घेऊन आली. लाथेची रीत समजावून सांगितली आणि मला रुचाच्या हाती दिलं. "पहिल्या प्रयोगाआधी, विसरू नकोस," एवढं बजावलं. रुचाने मान डोलावली. मला मात्र तिचा चेहरा पाहूनच शंका आली होती.

मित्रांनो, ती शंका खरी ठरली. रुचाच्या घरात माझ्यावर चुकून पाय लागला तरी माणसं खाली वाकून मला हात लावत आणि तोच हात कपाळाला लावत. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या अंगाला काही चिकटलं आहे की काय. मग दसरा आला. यतीनचा लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि मी, अशी आमची पाटावर पूजा मांडली. मला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. सहासष्ट वर्षांत मला कुणी हात जोडले नव्हते. खोटं कशाला बोलू, मी फुशारून गेले. पण रुचा हात जोडून उभी होती, तिच्याकडे पाहिलं आणि मनात आलं, आता ही मला लाथ कशी मारणार?

प्रयोगाचा दिवस उजाडला. शाळेचं सभागृह होतं, आणि रंग लावायला शेजारचा चित्रकलेचा वर्ग दिला होता. रुचा एकच भुवई तिसऱ्यांदा पुसून पुन्हा काढत होती. दुसरी घंटा झाली, आणि हेल्वी वॉकर घेऊन नीनाबरोबर आत आली. आधी तिने माझ्याकडे पाहिलं. कुठेही नवा पोचा नव्हता.

"मारली नाहीस?" तिने इंग्रजीत विचारलं.

"आजी, मला नाही जमणार. आम्ही तिची पूजा केली आहे."

तिथेच उभ्या असलेल्या प्रल्हादकाकांनी प्रकरण काय ते विचारून घेतलं आणि कानांवर हात ठेवले. "रंगपेटीला लाथ? अहो, आम्ही स्टेजवरसुद्धा पाया पडून चढतो. हे शक्य नाही."

हेल्वीला शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला. "ठीक आहे," ती म्हणाली. "मग मी रुचाला मारते." आणि पंच्याऐंशी वर्षांची, गुडघा बदललेली ही बाई वॉकर सोडून पाय उचलायला लागली. तिचा तोल गेला. नीनाने तिला एका बाजूने धरलं, काकांनी दुसऱ्या बाजूने धरलं. हेल्वी मात्र अजून पाय उचलण्याचाच प्रयत्न करत होती.

"आजी, थांबा. पडाल तुम्ही," रुचा मराठीतच म्हणाली. तिने मला टेबलावरून उचलून जमिनीवर ठेवलं, डोळे मिटले आणि मला लाथ मारली. ती काही दबकत मारलेली नव्हती. बारा वर्षांची भीती होती तिच्यात. माझं झाकण उघडलं आणि पावडरचा डबा गडगडत कपाटाखाली गेला. लगेच रुचा खाली बसली, मला दोन्ही हात लावले आणि कपाळाला लावले.

"थँक्..." काका सवयीने म्हणायला लागले. आभारांनी लाथ वाया जाऊ नये म्हणून हेल्वीने पटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. मंडळाच्या अध्यक्षांना असं गप्प करणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. रुचाला हसू फुटलं, आणि ती हसत असतानाच तिसरी घंटा झाली.

हेल्वी सभागृहात गेली नाही. माझ्या झाकणावर हात ठेवून तिथेच बसली. मराठी तिला येत नाही, पण कुठे श्वास घ्यायचा आणि कुठे थांबायचं, हे तिला कुठल्याही भाषेत कळतं. नाटकात रुचाचं एक मोठं भाषण होतं. ते अर्ध्यावर आलं आणि आवाज थांबला. हेल्वीची बोटं माझ्यावर घट्ट झाली. मी मनात देवाचं नाव घेतलं, आता कुठल्या देवाचं ते विचारू नका. खूप वेळ गेला असं मला वाटलं. मग रुचाचं पुढचं वाक्य आलं, हळू आणि अगदी स्पष्ट. ती विसरली नव्हती. तिने प्रेक्षकांना थांबवून ठेवलं होतं. टाळ्यांनी वर्गाच्या काचा वाजल्या, आणि हेल्वी माझ्यावर डोकं टेकवून रडली.

आता प्रल्हादकाका म्हणतात, पुढच्या नाटकाला त्यांचाही नंबर लावायचा. "आधी लाथ, मग नमस्कार," असा नियमही त्यांनी करून टाकला आहे. माझी काही हरकत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल तर तिला जपा. पण जपणं म्हणजे कपाटात कोंडणं नव्हे. तिला कामाला लावा, तिच्यावर ओरखडे पडू द्या. मला मोडण्याची भीती कधीच वाटली नाही. पलंगाखालच्या त्या चार वर्षांची मात्र अजून वाटते.

परवा यतीन ठोकून माझे पोचे सरळ करायला निघाला होता. रुचाने त्याच्या हातातली हातोडी काढून घेतली. हेल्वीच्या सत्तावीस पोच्यांशेजारी आता अठ्ठाविसावा आहे. त्याच्या खोबणीत दसऱ्याचं थोडं कुंकू अडकलं आहे. कृपा करून ते पुसू नका.