वत्सलाबाईंच्या वाट्याचं पुस्तक

१९९८ साली निफाडच्या शाळेत नव्या मुख्याध्यापिका सरिताबाई आल्या आणि शिक्षकांनी वाचायची पुस्तकं घ्यायची टूम निघाली. तेव्हाच वत्सलाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. जन्मभर गणित शिकवून झाल्यावर आता पुस्तक वाचून शिकवायला शिकायचं? त्यात पुस्तकं निवडायला नाशिकला गेले विज्ञानाचे फारुखसर. तरुण, गोडबोले, आणि दहावीच्या गणितावर डोळा ठेवून असलेले. निदान वत्सलाबाईंची तशी खात्री होती. दहावीचं गणित म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

मनमाडला भाचीचा साखरपुडा आटोपून त्या परतल्या, तर टेबलावर त्यांच्या नावानं पुस्तक ठेवलेलं. विषय काय, तर मुलांचं ऐकून घ्यावं कसं. इतरांना काय आलं हे बघायच्या भानगडीत त्या पडल्याच नाहीत.

"चांगलं आहे ते, बाई," फारुखसर म्हणाले. "दुकानात चाळून बघितलं मी."

"बघितलंच असणार," वत्सलाबाई म्हणाल्या.

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! कुणीतरी आपली तक्रार केली आणि यानं नेमकं पुस्तक हुडकून आणलं. त्या तशाच दहावीच्या वर्गात शिरल्या.

"माझी तक्रार कोणी केली?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली.

"इन्शा, तू सारखी फारुखसरांच्या मागेपुढे असतेस. तूच ना?"

"नाही बाई, मी तर प्रयोगाच्या वहीसाठी..."

"मध्ये बोलू नकोस."

सबंध तास वर्ग उभा राहिला. इन्शा रडत होती. वत्सलाबाईंना त्यातही ढोंग दिसलं.

दुसऱ्या दिवशी सरिताबाईंनी बोलावलं. वत्सलाबाई कंबर कसूनच आत गेल्या.

"आधी मला सांगा, ते पुस्तक माझ्याच माथी का मारलं?"

सरिताबाई गोंधळल्या. "कुणी मारलं? भिशीला काढतो तशा चिठ्ठ्या काढल्या आम्ही. तुम्ही नव्हता, म्हणून तुमची चिठ्ठी शिपाई कुसाबाईंनी उचलली. खेळाच्या सरांना तर सुंदर हस्ताक्षराचं पुस्तक आलंय."

"म्हणजे माझी तक्रार..."

"नव्हती. आज सकाळी आली. सगळा वर्ग आला होता, इन्शाचे वडीलही. सोमवारपासून दहावीचं गणित फारुखसर घेतील. तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा, मी ऐकते."

आयुष्यात पहिल्यांदा वत्सलाबाईंना स्वतःची लाज वाटली.