अर्धा आटा जास्त

मी एक जुनी डिझेल मोटार आहे. मित्रांनो, वेळणेश्वरच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, महिपतच्या अंगणाबाहेर एका काजूखाली मी उभी असते. बॉनेटवर काजूच्या चिकाचे काळे डाग पडले आहेत. माझी हकिगत आनंदाची नाही, तरी ती मी लपवणार नाही.

माझी उमेदीची वर्षे मस्कतच्या वाळूत गेली. महिपत तिथे एका कंत्राटदाराकडे माझा ड्रायव्हर होता. १९८४ साली तो कायमचा गावी परतला, तेव्हा मालकाने मला त्याच्याच हवाली केले आणि मी जहाजातून मुंबईला उतरले. माझे स्टिअरिंग डाव्या बाजूला. महिपतची बायको शालन पहिल्या दिवशी सवयीने डावे दार उघडून ऐटीत बसली, आणि समोर चाक बघून अशी दचकली की सगळी वाडी हसत सुटली.

माझ्या इंजिनाला टर्बो होता. टर्बो म्हणजे धुराच्या झोताने फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि त्या हवेवर डिझेल जोरात जळते. पण वय झाले होते. सहा माणसे बसली की इथल्या चढांवर मला धाप लागे. म्हणून महिपतने मला चिपळूणला भिवा मिस्त्रीकडे नेले.

भिवा बौद्धवाडीतला. इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचे काम तो मुंबईत शिकला होता. टर्बो त्याने आधी कधी हाताळला नव्हता, आणि तसे त्याने सरळ सांगितले. दोन दिवस तो माझ्याशी बोलल्यासारखा काम करत होता. हवेच्या नळीला त्याने दाबाचा काटा जोडला, टर्बोच्या झडपेचा दांडा जरासा आखडून हवेचा दाब वाढवला, मग डिझेल कमीजास्त करणारा पंपाचा स्क्रू पाव आटा, म्हणजे पाव फेरा, आवळला. दरवेळी मला चढावर नेई आणि मागे वळून धूर बघे. शेवटी त्याने स्क्रूला तार घालून शिशाचे सील ठोकले.

"महिपतराव, हवा वाढली तेवढंच डिझेल वाढवलंय," तो म्हणाला. "आता ह्याच्या पुढं नाय. काळा धूर दिसला की समजायचं, आत डिझेल जास्त जातंय. लांब चढावर पिस्टन वितळंल."

त्यानंतरची दोन वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. नवरी, म्हातारी माणसे, बाळंतिणी, सगळ्यांना मी वाहिले. लोक महिपतचे नाव घेत, आणि ते त्याला हळूहळू चढत गेले. एकदा कुणाच्या तरी नव्या जीपने आम्हाला चढावर मागे टाकले. त्या दुपारी महिपत पक्कड घेऊन आला आणि त्याने सील तोडले.

शालन अंगणात आमसुले वाळत घालत होती. "अवो, मिस्त्रीनं हात लावू नका सांगितलं ना?"

"मिस्त्री भितो. तुला काय कळतंय त्यातलं?" असे म्हणून महिपतने स्क्रू अर्धा आटा फिरवला. हवा होती तेवढीच राहिली.

मी जोरात पळू लागले खरी, पण मागे काळा धूर सुटे आणि मला आतून भाजत असे. महिपतला तो धूर आरशात दिसत होता.

पुढच्या एप्रिलमध्ये एका सकाळी शेजारच्या केरूची बायको राही भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, पालापाचोळा गोळा करत होती. ढिगाखाली नाग होता. तो तिच्या मनगटाला चावला. विषावरची लस चिपळूणला मिळणार होती. खाली रस्त्यावर लवूचा मासळीचा टेम्पो चिपळूणलाच निघाला होता.

"केरू, ठेव तिला पुढं माझ्याजवळ!" लवू ओरडला.

महिपत म्हणाला, "मासळीच्या वासात कशाला? माझी गाडी तुझ्या आधी पोचंल."

केरूने त्याचे ऐकले. टेम्पो पुढे गेला. मागच्या सीटवर राहीचे डोके केरूच्या मांडीवर होते, तिच्या पापण्या जड होत होत्या. महिपतला लवूला गाठायचे होते. लांब चढावर त्याने पाय दाबून धरला. इंजिनाच्या तापाचा काटा लाल रेघेपार गेला, मागचा रस्ता काळा झाला. मग माझ्या पोटात काहीतरी फुटले, पांढरा धूर आला आणि मी थांबले. महिपतने हॉर्न दाबून धरला, पण टेम्पो माथा ओलांडून गेला होता.

एस.टी. यायला दीड तास लागला. "डोळं उघड गो, राही," एवढेच केरू म्हणत राहिला. एस.टी. आली तेव्हा तिचा श्वास थांबला होता.

बैलांनी ओढून मला इथे आणले. वाडीने विचारले, तेव्हा महिपत म्हणाला, "भिवानं पंप बिघडवून दिला." लोकांनी लगेच विश्वास ठेवला; भिवाची वाडी कुठली, तेही काहींनी बोलून दाखवले. केरू चिपळूणला जाऊन भर रस्त्यात त्याच्यावर हात उगारून आला. भिवाचे गिऱ्हाईक तुटले. मित्रांनो, सगळे माझ्या पोटात होते, आणि मला तोंड नव्हते.

पावसाळ्याआधी भिवा स्वतः आला. बरोबर केरूला घेऊन. "इंजिन उघडून दाखवतो," तो म्हणाला.

"गाडी माझी हाय. हात लावायचा नाय," महिपत उंबऱ्यावरून म्हणाला.

शालन आतून बाहेर आली. तिने बॉनेट उचलले. "सील ह्यांनी तोडलंनी. मी बघितलंय. इतके दिवस गप बसले, ती माझी चूक."

भिवाने इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे झाकण, उतरवले. पिस्टनला वरून बोट जाईल एवढे भोक पडले होते. केरूने त्यात बोट घालून बघितले. "मीच फिरवला स्क्रू," महिपत जमिनीकडे बघत पुटपुटला.

केरूने भिवाचे दोन्ही हात धरले. भिवा म्हणाला, "तुझा राग मला कळला हो. पण चिपळुणात आता माझ्याकडं कोण येत नाय." त्याच महिन्यात त्याने दुकान बंद केले आणि तो मुंबईला गेला.

मित्रांनो, यंत्र धूर टाकते, तापते, कण्हते. ते ऐका. जाणत्याने घातलेली मर्यादा हौसेसाठी तोडू नका. आणि चूक झालीच, तर त्याच दिवशी कबूल करा. ती दुसऱ्याच्या माथी मारू नका.

इंजिन उघडले त्या दिवशी जाताना केरूने महिपतला एकच विचारले होते, "लवूच्या टेम्पोत ठेवली असती तर?"

केरू अजून ह्याच वाटेने जातो, आणि माझ्याजवळ आला की मान वळवतो.