सोबतीचं माणूस

मास्तरांच्या हाताखाली निम्मं गाव गाडी चालवायला शिकलं होतं आणि निम्म्या गावाने त्यांचा तोंडाचा पट्टाही सोसला होता. ड्रायव्हिंग स्कूलच्या खटारा गाडीत शेजारच्या सीटवर बसून ते भर चौकात ओरडायचे, "क्लच आहे तो, सासऱ्याची मान नाही. हळू सोड." लायसन्स हातात पडलं की शिकणारे हे किस्से हसून सांगायचे. त्यांची शिकवणी संपायची, म्हणून त्यांना हसणं परवडायचं. बायकोची कधी संपलीच नव्हती.

ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून दिवसभर डोळे फोडायची आणि घरी आली की "आंधळी आहेस का?" ऐकायची. लग्नानंतर एकदा तिने म्हटलं होतं, मलाही गाडी शिकवा. "माकडाच्या हाती कोलीत कोण देतं?" ते चारचौघांत म्हणाले. सगळे हसले, तीही हसली. पुन्हा तिने विषय काढला नाही, पण विसरलीही नाही.

मग एका सकाळी उजवीकडून आलेला सायकलवाला मास्तरांना दिसलाच नाही. शिकणाऱ्या मुलीने आपणहून ब्रेक दाबला म्हणून तो वाचला. तपासण्या झाल्या. मेंदूत डाव्या बाजूला गाठ होती, आणि वाईट जातीची होती. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले, केस गेले, आणि सगळं सोसून झाल्यावर गाठ परत आली.

"एका नव्या औषधाची ट्रायल चालू आहे," डॉक्टर म्हणाल्या. "गुण येईलच असं सांगत नाही. पेशंट स्वतःच्या पायाने चालणारा हवा, स्वतः उत्तरं देणारा हवा. मेंदूच्या सुजेची जी गोळी चालू आहे, ती अगदी कमी डोसवर यायला हवी. आणि अलीकडे फिट आलेली चालणार नाही, कारण या औषधाने फिटा वाढू शकतात. घरी सतत सोबत राहणारं एक माणूसही लागेल. पेशंटला स्वतःची फिट आठवतेच असं नाही. म्हणून सोबतीचं माणूस काय सांगतं, ते आम्ही धरतो."

"ही आहे ना," मास्तर म्हणाले. तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

तयारी सुरू झाली, आणि जन्मात पहिल्यांदा मास्तर शिकणारे झाले आणि ती शिकवणारी. दुकानातून तिने बिनपगारी रजा घेतली. सकाळी ती त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत चालवायची. उजवा पाय फरपटला की म्हणायची, "उचला. पाय उचला." दुपारी समोर बसवून पाच शब्द सांगायची, मध्ये भाजी चिरायची, मग ते शब्द परत विचारायची. मास्तरांना तीन आठवायचे, कधी दोनच.

"खुर्ची," ते म्हणायचे. "खुर्ची... ते आपलं... पाणी वाहतं ते."

"नदी. पुन्हा म्हणा."

"कळलं मला."

"कळलं असतं तर बोलला असतात. पुन्हा."

हा सूर आपण कुठून उचलला, हे तिला पक्कं माहीत होतं. तो जिभेवर इतका सहज बसला की तिचं तिलाच नवल वाटलं. त्याहून वाईट म्हणजे तो तिला गोड लागला.

सुजेची गोळी कमी होत गेली तसं मास्तरांचं डोकं फुटायला लागलं. ते उशी दातांत धरून पडायचे. एका दुपारी पलंगावरून उतरून, भिंतीला धरून ते स्वयंपाकघरात आले.

"एक गोळी दे. अर्धी दे."

डोकं असह्य दुखायला लागलं तर फोन करा, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. तिने गोळ्यांचा डबा कपाटात वरच्या फळीवर सरकवला आणि फोनला हात लावला नाही.

"ट्रायल पाहिजे ना तुम्हाला? मग सोसा."

ते तिथेच फरशीवर बसले. ती पोळ्या लाटत राहिली. सगळ्या करून झाल्यावर तिने त्यांना उठवलं.

हॉस्पिटलात जायच्या आधीच्या आठवड्यात न्हाणीघरात काहीतरी आदळलं. तिने दार ढकललं. मास्तर ओल्या फरशीवर आडवे पडले होते. उजवा हात झटके देत होता, डोळे वर गेले होते, तोंडाला फेस आला होता. तिने त्यांना कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली टॉवेल सरकवला. बऱ्याच वेळाने ते भानावर आले. काय झालं ते तिच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं.

"सांगायचं नाही," ते म्हणाले. मग एवढ्या संसारात कधी केलं नव्हतं ते केलं. तिच्यापुढे हात जोडले. "सांगू नकोस. पाया पडतो."

"नाही सांगत," ती म्हणाली. तेव्हा तिच्या मनात तसंच होतं.

हॉस्पिटलात धाकटे दीर गाडी घेऊन आले होते. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते ऐटीत चालले, चाचणीसाठी घड्याळाचं चित्र काढलं, पाचातले चार शब्द सांगितले. सिस्टर खूश झाली.

"छान तयारी केलीय, काका. काकूंनी करून घेतली का?"

मास्तर हसले. कधी नव्हे ते बोलणंही सरळ येत होतं. "तिला काय कळतंय? मी माझं केलं. ती आपली पिशवी धरायला."

सिस्टरही थोडं हसली आणि तिच्याकडे वळली. "काकू, मधल्या काळात फिट वगैरे?"

ती मास्तरांकडे बघत होती. त्यांचा चेहरा एकदम पडला. आपण काय बोलून बसलो ते त्यांना उमगलं होतं, आणि आता ते फक्त डोळ्यांनी विनवत होते.

"आली," ती म्हणाली. "न्हाणीघरात. मोठी होती."

परतीच्या वाटेवर दीर पुन्हा पुन्हा म्हणत होते, "वहिनी, खरं बोललात तेच बरं केलंत. उगाच जिवावर बेतलं असतं." तिने खिडकीची काच खाली केली.

त्यानंतर मास्तर झपाट्याने ढासळले. पाय गेला, मग शब्द गेले. आश्चर्य म्हणजे शिव्या तेवढ्या शाबूत राहिल्या. पाणी हवं असलं तरी शिवी, कूस बदलायची असली तरी शिवी. त्यातली कोणती आपल्यासाठी आहे, हे तिला कळेनासं झालं. सुजेची गोळी मात्र ती आता वेळेच्या आधीच द्यायची.

अशात सिस्टरचा फोन आला. "काकू, नियम बदललाय. डोस कमी केलाय, त्यामुळे फिटा गोळ्यांनी आटोक्यात असतील तर आता घेतो आम्ही. काका चालतात ना?"

पलंगावर मास्तर तोंड उघडं टाकून झोपले होते.

"चालतात," ती म्हणाली.

आणि तिने त्यांना पुन्हा तयार करायला घेतलं. काखेत हात घालून उभं करायची. पाय लोळागोळा होऊन दोघं पलंगावर आपटायची, ती परत उचलायची. शब्द सांगायची, तोंडापुढे तोंड नेऊन ओरडायची. मास्तर कण्हायचे, डाव्या हाताने तिला ढकलायचे. त्यांच्या दंडांवर तिच्या बोटांचे काळेनिळे वळ उठले.

दीर एकदा अवचित आले आणि दारातच थबकले.

"वहिनी, सोडा त्याला. कसली ट्रायल आता?"

"जायचंय आम्हाला. भाऊजी, तुम्ही त्या बाजूने धरा."

त्यांनी धरलं, पण मास्तरांना अलगद आडवं केलं आणि तिला खुर्चीत बसवलं. तेव्हा ती बोलली, "त्या दिवशी मी खरं बोलले, ते यांच्या जिवासाठी नव्हतं."

दीर खाली बघत होते. "दादाला ठाऊक होतं. त्याच दिवशी तुम्ही घराचं कुलूप काढत होतात, तेव्हा तो मला म्हणाला, 'मी तिच्या जागी असतो तर विचारायच्या आधीच सांगितलं असतं.'"

"रागाने म्हणाले?"

"नाही. साधंच म्हणाला."

पलंगावरून शिवी आली. मास्तरांना तहान लागली असावी. तिने उठून चमच्याने पाणी पाजलं. निम्मं ओठांतून बाहेर आलं, ते पदराने टिपलं.

दुसऱ्या दिवशी तिने सिस्टरला फोन करून सांगितलं, येत नाही, ते चालत नाहीत. सिस्टरने विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, बरेच दिवस झाले. "बरं," म्हणून सिस्टरने फोन ठेवला.

मास्तर त्याच महिन्यात गेले. दंडांवरचे वळ तोवर फिके झाले होते, पण गेले नव्हते. न्यायला आलेल्या माणसांनी ते पाहिले आणि चादर वर ओढली.