एकानं तोडायचं, सगळ्यांनी जोडायचं

एप्रिलातल्या त्या सकाळी भाकरी थापता थापता भिमाबाई लेकीला म्हणाल्या, "मुक्ता, शहादेवकडं जा अन् खोलीची चाबी घेऊन ये. उन्हात पोरं बसंनात."

"जाते," मुक्ता म्हणाली, पण हातातलं पुस्तक काही तिनं मिटलं नाही. तिच्या बापाला शहादेवच्या घरानं जन्मभर ओसरीखालीच उभं केलं होतं.

खोली दूध संस्थेची. सोळा वर्षं भिमाबाई तिथं उन्हाळी वर्ग घेत होत्या. ऊसतोडीवर गेलेल्यांची पोरं गावात परतायचीच एप्रिलात, शाळा बुडवून, होती नव्हती ती अक्षरं फडात सांडून. यंदा दुष्काळ. जनावरांसाठी आलेली पेंडीची पोती चेअरमन शहादेवनं खोलीत रचली आणि कुलूप ठोकलं. वर्ग बाहेरच्या उघड्या ओट्यावर आला.

बाईंची रीत साऱ्या गावाला ठाऊक. 'क कमळाचा' त्या कधी म्हणाल्या नाहीत. "कमळ पाह्यलंय का कुणी या गावात? क म्हंजी नुसता क. तोंडातून निघतो तेवढाच." एकानं बोट ठेवून एकेक आवाज सुटा काढायचा, बाकीच्यांनी ते जोडून शब्द ओरडायचा. एकानं तोडायचं, सगळ्यांनी जोडायचं. आणि अडकला त्याला हसायचं नाही.

त्या दुपारी शब्द जोडून घेता घेताच बाई ओट्यावर कलंडल्या. घाटनांदूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"चाबी दिली न्हाई ना मेल्यानं?" भावकीतल्या बायांनी विचारलं. मुक्ताला चाबीसाठी धाडलंय, असं बाई ओट्यावर म्हणाल्या होत्या.

मुक्तानं मान हलवली. नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा सांगताना तिला जरा सोपं गेलं, तिसऱ्या दिवशी त्याहून.

शहादेवची एक गोष्ट गावात या मायलेकी दोघींनाच माहीत होती. चेअरमनला वाचता येत नव्हतं. सही तो चित्रासारखी काढायचा. तीन वर्षांपासून सकाळचं दूध पोचवायच्या निमित्तानं तो भिमाबाईंच्या चुलीपाशी येऊन बसायचा आणि पन्नाशीच्या वयात पाटीवर बोट ठेवून एकेक आवाज काढायचा. सभेत काही वाचायचं असलं की आदल्या दिवशी बाई त्याच्याकडून तो कागद पाठ होईपर्यंत घोटून घ्यायच्या. गाव म्हणायचं, चेअरमन कसं धडाधड वाचतो! खोलीला कुलूप ठोकल्यापासून मात्र तो चुलीकडं फिरकला नव्हता.

बाईंना श्रद्धांजली वाहायच्या, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी तो दारात आला. खाली बघत म्हणाला, "ताई, संस्थेच्या वतीनं मला बोलायचंय. चार ओळी लिहून दे. बाईच द्यायच्या... अन् आदल्या दिशी एकदा जरा..."

"लिहिते. ऐनवेळी देईन," मुक्ता म्हणाली.

तिनं मन लावून लिहिलं. जोडाक्षर एकही नाही. त्याला येतील तेवढेच आवाज, टपोऱ्या अक्षरात. अडखळून सुटायला त्याला एकही जागा तिला ठेवायची नव्हती. सगळं त्याच्याच तोंडून निघायला हवं होतं, साऱ्या गावासमोर.

मांडवात भिमाबाईंचा फोटो होता, पुढे वर्गातली पोरं मांडी घालून बसलेली. मुक्तानं ऐनवेळी हातात दिलेल्या कागदाची शहादेवनं घडी उलगडली. त्याचा चेहरा उतरला. कागद खिशात घालून दोन शब्द तोंडी बोलता आले असते त्याला. पण तो फोटोकडे बघत राहिला आणि मग त्यानं पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं.

"बा... ई... ची..."

"बाईची!" पोरं सवयीनं ओरडली.

मागून कुणीतरी फिदकलं. "चेअरमन पहिलीत बसले का बे?"

पुढची एक पोरगी गर्रकन वळली. "हसायचं न्हाई! बाईंनी सांगितलंय."

"खो... ली..."

"खोली!"

"मी... घे... त... ली..."

"घेतली!"

"कु... लू... प..."

"कुलूप!" पोरांना शब्द सापडल्याचा आनंद झाला होता. मोठी माणसं मात्र माना वर करून ऐकू लागली. बायांत बसलेल्या मुक्तानं पदर मुठीत आवळला. थांबू नकोस, ती मनात म्हणाली. वाच.

"बा... ई... नं... चा... बी... मा... गि... त... ली..."

"मागितली!"

पुढच्या ओळीवर बोट थांबलं. 'मी दिली नाही.' शहादेवचे नुसते ओठ हलले. पोरं जोडायला टपून बसली होती. त्यानं वर पाहिलं.

"कुलूप म्याच लावलं," तो म्हणाला. "ते खरं हाय. त्याचं पाप माह्याच माथी. पर चाबी कुणी मागितलीच न्हाई. मागितली असती तर पोती डोक्यावर घेऊन बाहेर टाकली असती म्या. बाईनं पाठवलंतं कुणाला?"

सगळे मुक्ताकडे बघू लागले. आणखी एकदा मान हलवली असती तरी भागलं असतं. गाव तिच्या बाजूनं होतं. समोर पोरं अजून तोंडं उघडी ठेवून पुढच्या आवाजाची वाट बघत होती.

ती उभी राहिली.

"मला," ती म्हणाली. "मायनं मला पाठवलं होतं. तुमच्या दारात उभं राहायला नको म्हणून मी गेलेच नाही. घरात वाचत बसले."