यजमान पाहुणे झाले

शुक्रवारी सकाळी आमचे यजमान सुनेच्या लॅपटॉपातल्या घरात राहायला गेले आणि जेवायच्या वेळेलाही बाहेर आले नाहीत.

घर काही वाईट नव्हतं. मी काठावरून डोकावून पाहिलं होतं. बटणांच्या मागे दार, दाराआड सोपा, सोप्यात झोपाळा. तेजल, म्हणजे माझी सून, कामाला बसली की अशी घरं बसल्या जागी बांधते. एका कंप्युटरच्या पोटात दुसरा कंप्युटर. त्याला ती व्हर्च्युअल मशीन म्हणते. पोटातला तो पाहुणा, आणि ज्याचं पोट तो यजमान.

"यजमान तर आत गेलेत," मी म्हटलं.

"आई, बाबा आता पाहुणे."

"उभा जन्म या घरात पाहुण्यासारखेच वागले. त्यात नवीन ते काय?"

तेजल हसली नाही. तेव्हा मला कळलं की काहीतरी बिघडलंय. ती आत हाका पाठवत होती, वाटाण्याएवढ्या. त्या दारातून टणटण उड्या मारत जात, सोप्यात पोचायच्या आधीच पडत आणि तिथेच राहत. ओ येत नव्हती. उंबऱ्याशी हाकांचा ढीग झाला, तो मी सुपात भरून बाजूला ठेवला.

तेवढ्यात बेल वाजली. एक पोरगेलासा गडी कांदाभजीचं पार्सल घेऊन उभा. आम्ही मागवलं नव्हतं. त्याने पाय पुसले, आमच्यामधून वाट काढत गेला, पार्सल लॅपटॉपातल्या दारातून आत दिलं, "थँक्यू काका" म्हणाला आणि गेला.

"हं," तेजल म्हणाली. "आतून बाहेर जातंय. आतून मागवलेलंच आत जातं, आपली हाक जात नाहीये."

"म्हणजे त्यांना भजी मागवता येतात आणि मला त्यांना दोन शब्द सुनावता येत नाहीत?"

"तसंच झालंय."

"कुणी ठरवलं असं?"

"मीच. सेटिंग तसं राहिलं, चुकून."

"चुकून म्हणे. माझ्या सासूने हेच सेटिंग मुद्दाम केलं होतं."

दुसरी भानगड जागेची. आतल्या घराला जागा लागली की ती बाहेरच्या घरातून जाते. यजमानांनी आत देवघर मागितलं, आमची गॅलरी गेली. ऊन लागायला आणखी एक खिडकी मागितली, हॉलची गेली. मग पाहुणे आले तर असू दे म्हणून एक खोली मागितली आणि सगळा हॉलच गेला. सोफा कडेवर उभा राहिला, अंग चोरलं आणि सरकत सरकत आत निघून गेला. माणूस मोठ्या मनाचा. दुसऱ्याच्या जागेत तर फारच.

"बंद कर ते यंत्र," मी म्हटलं.

"बंद केलं तर बाबाही बंद होतील."

"आणि नाही केलं तर?"

"आपली सगळी जागा आत जाईल. मग आपलंच घर बंद पडेल. यजमान बंद पडला की पाहुणा राहत नाही, आई. बाबांना त्याआधी बाहेर काढायला हवं."

मी पदर खोचला. आमचा माणूस हरवायचा तर तो यात्रेत हरवेल, भांडून हरवेल. बटणांच्या मागे भजी खाता खाता हरवू देणारी बाई मी नव्हे.

तेजलला पूल बांधायचा होता. तिच्या भाषेत ब्रिज. त्यासाठी तिने माझा पोळपाट मागितला. ओट्याच्या कडेवर एक बाजू टेकवली, आतल्या उंबऱ्यावर दुसरी, आणि बटणं बडवली. पोळपाट हळूहळू लांब झाला. पलीकडून झोपाळ्याची करकर ऐकू यायला लागली.

"आता मारा हाक. थेट जाईल."

मी घसा साफ केला. "अहो!"

"ओ!" आलं. एक नाही. बाजारात नारळाचं पोतं उलटावं तशा ओ गडगडत आल्या. मागोमाग माणसं. पहिला निम्मी दाढी केलेला. दुसऱ्याच्या हातात पेपर. एक हेल्मेट घालून, एक टॉवेल लावून. जगात ज्याला ज्याला कुणी अहो म्हणतं तो तो पोळपाटावरून उतरून माझ्या स्वयंपाकघरात उभा. सगळे एका सुरात म्हणाले, "काय झालं?"

"तुमचं काही नाही. जा."

"मग हाक कशाला मारली?"

एकाने तेवढ्यात मिठाचा डबा कुठे असतो विचारलं. एकाने झाकण काढून आमटी हुंगली. मी पळी उगारली, तेव्हा रांग लावून गेले. आमचे यजमान त्यात नव्हते. ते हाकेला पहिल्यांदा कधीच येत नाहीत.

"आई, 'अहो'ला पत्ता नाही," तेजल म्हणाली. "ते सगळ्यांनाच जातं. नाव घेतलं तर एकालाच जाईल."

"मग तू घे."

"चालेल?"

"सासऱ्याचं नाव घेतेस? थोबाड फुटेल."

"मग तुम्ही घ्या."

मी लग्नातसुद्धा 'पाटलांच्या थोरल्यांचं नाव घेते' म्हणून सुटले होते. त्यांच्या नावात झाडलोट आहे. म्हणून मी आजवर कचरा काढला, घाण काढली, धूळ काढली, पण तो शब्द तोंडातून काढला नाही. शेजारच्या घरातली कामवालीसुद्धा जो शब्द दिवसातून दहादा बोलते, तो मी बोलले नाही. हा माझा ताठा होता, आणि तो मला शोभत होता.

फ्रिज आत गेला. मांडणी आत गेली. तेजल लॅपटॉप मांडीवर घेऊन ओट्यावर चढली, पाय वर घेतले.

"आई, भिंत माझ्या वेणीला लागली."

"केरबा," मी म्हटलं.

"पोचलं नाही."

"मला ऐकू आलं की."

"आई!"

"केरबा!"

झोपाळा थांबला. चपला घासल्याचा आवाज आला आणि यजमान पोळपाटावर आले, हातात भजं. डोळे बारीक करून इकडेतिकडे बघू लागले.

"कोन? आई, तू हाईस व्हय?"

त्यांना नुसतं केरबा म्हणणारी त्यांच्या आयुष्यात एकच बाई, ती कधीच वारली.

"तुमची आई नाही. मी."

"मी म्हंजे कोन?"

"आता बाबांनी तुमचं नाव घ्यायचं," तेजल माझ्या कानाशी म्हणाली. दुसरीकडे तोंड न्यायला जागा नव्हती. "दोन्हीकडून ओळख पटली तरच येता येईल."

"अहो, माझं नाव घ्या!" मी ओरडले. लांब कुठेतरी निम्मी दाढी केलेला तो "ओ" म्हणाला.

लग्नात अंगठीने तांदळात त्यांनी स्वतः लिहिलेलं माझं नाव, अनुसया. लिहिलं, हात झटकले, आणि त्या दिवसापासून फक्त अगं. अगं, चहा. अगं, चष्मा. मी सांगून टाकलं असतं, पण सांगितलेलं नाव चालत नाही म्हणे, आणि चाललं असतं तरी मी सांगितलं नसतं.

यजमानांनी भजं खाली ठेवलं. माझ्याकडे नीट बघितलं, तांदूळ निवडताना बघतात तसं. चेहरा त्यांना ओळखीचा वाटला असावा. मिशी हलली.

"अ," ते म्हणाले आणि थांबले.

अनुसया तिथूनच सुरू होते, आणि अगंसुद्धा. दोन्हीकडच्या भिंती पोळपाटाला येऊन टेकल्या आहेत. तेजलची बोटं बटणांवर थांबली आहेत. ते 'अ' तोंडात धरून उभे आहेत, आणि मी ओ द्यायला तोंड उघडून.