बाराव्या माणसाची जागा

"फोनवर 'येते' म्हणणाऱ्यावर विसंबू नकोस, ब्रिटा. दारात जाऊन उभी राहा." लव्हॉनबाईंनी चार वर्षांपूर्वी असं बजावलं, तेव्हा ब्रिटा नुसती हसली होती. तिच्या हातात सभेला येणाऱ्यांची नीट आखलेली यादी होती, नावांपुढे बरोबरच्या खुणा होत्या. म्हाताऱ्या माणसांचा फोनवर विश्वास नसतो, असं म्हणून तिने तो सल्ला कानाआड केला.

यंदाच्या यादीतली पहिली खूण लव्हॉनबाईंच्याच नावापुढे होती. "येते गं बाई, मी कधी चुकलेय?" असं आज सकाळीच त्या फोनवर म्हणाल्या होत्या. खरंच होतं ते. चाळीस वर्षांत अमेरिकेच्या आयोवा राज्यातला एकही कॉकस, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायची गावसभा, त्यांनी चुकवला नव्हता. त्यांचं घर ब्रिटाच्या घरापासून दोन घरं सोडूनच होतं. संध्याकाळी निघताना तिची गाडी त्यांच्या दारावरूनच गेली. पण मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी मे कुरकुरत होती, म्हणून ती थांबली नाही.

आणि आता सातच्या ठोक्याला शाळेच्या व्यायामशाळेचं दार बंद झालं होतं. लव्हॉनबाई आत नव्हत्या.

इथे मतपेटी नसते. आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सगळ्यांदेखत जाऊन उभं राहायचं, हेच मत. सभा चालवायला शाळेच्या स्वयंपाकघरातली वांडा होती. "ऐंशी माणसं!" ती ओरडली. "शंभरात पंधरा, म्हणजे बारा. ज्या कोपऱ्यात बारा नाहीत, तो मोडला!"

सिनेटर हॅलोरनबाईंच्या कोपऱ्यात ब्रिटा धरून अकरा होते. तिने तीनदा मोजले.

"आई, मी बारावी!" मे म्हणाली.

"तुला अजून चौदा वर्षं आहेत, राणी."

पक्की मोजणी अर्ध्या तासाने; तोवर आत असलेल्या कुणालाही कोपरा बदलता येत होता. ब्रिटाने फोन लावला, पुन्हा लावला. नुसती घंटी वाजत राहिली. बाहेर श्वास गोठवणारी थंडी आणि चौऱ्याऐंशी वर्षांची एकटी बाई. आपण गेलो तर इथे दहाच उरणार, आणि हे दहाजण आपल्याच शब्दावर आलेले.

ती सरळ समोरच्या कोपऱ्यात गेली. तिथे एक्केचाळीस माणसं होती आणि त्यांच्यात निवृत्त पोस्टमन ऑर्व्हिल. तीस वर्षं तो लव्हॉनबाईंच्या विरुद्ध कोपऱ्यात उभा राहत आलेला.

"काय, माणूस पळवायला आलीस?"

"नाही हो. लव्हॉनबाई आल्या नाहीत. फोनही उचलत नाहीत. मी हलले तर आमचा कोपरा मोडतो."

ऑर्व्हिलचं हसू मावळलं. "ती बया आली नाही म्हणजे काहीतरी झालंय." त्याने टोपी उचलली.

"अहो, आपला एक कमी होईल!" त्याच्या कोपऱ्यातून कुणी ओरडलं.

"चाळीस उरता, रडू नका."

पुढची वीस-बावीस मिनिटं ब्रिटाची नजर दारावरून हलली नाही. दार उघडलं ते ऑर्व्हिलचा दंड धरून आलेल्या लव्हॉनबाईंसाठी. एका पायात बूट, दुसऱ्याला ऑर्व्हिलचा मफलर गुंडाळलेला. अंगणातल्या बर्फावरून घसरल्या, पाय मुरगळला, घराच्या किल्ल्या बर्फात हरवल्या, फोन घरातच राहिला. कशाबशा सरपटत गाडीत जाऊन घोंगडी पांघरून बसल्या होत्या.

"दवाखान्यात चल म्हटलं, तर म्हणते आधी शाळेत," ऑर्व्हिल धापा टाकत म्हणाला.

"बारा झाले का?" लव्हॉनबाईंचा पहिला प्रश्न.

"अकराच." ब्रिटाने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "चूक माझी. मी तुमच्या दारात थांबले नाही."

वांडा ओशाळून पुढे आली. "लव्हॉन, दार सातला बंद झालं. तुला मोजता येणार नाही गं."

"मोजूच नकोस. हा नियम तुला मीच शिकवलाय." आणि त्या ताठ मानेने खुर्चीत बसल्या.

ऑर्व्हिल आपल्या कोपऱ्याकडे निघाला. अर्ध्या वाटेत थबकला. मग वळला आणि ब्रिटाच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"फितूर!" समोरून गिल्ला झाला.

"ही बाई घरून निघाली होती," तो म्हणाला. "तिची जागा रिकामी ठेवून मी तिकडे एक्केचाळिसावा होऊ? नाही जमायचं."

"तीस वर्षं लागली शहाणं व्हायला," लव्हॉनबाई म्हणाल्या.

"आजच्यापुरतं! पुढल्या खेपेला मी माझ्याच कोपऱ्यात."

वांडाने एकेका खांद्याला हात लावत मोठ्याने मोजलं. बारा! पहिली टाळी पडली ती फितूर म्हणणाऱ्या कोपऱ्यातूनच. त्या बाराजणांना एक प्रतिनिधी पुढे पाठवायचा हक्क मिळाला आणि त्यांनी ब्रिटाचं नाव घेतलं. इथून काऊंटीला, म्हणजे जिल्ह्याच्या सभेला, काऊंटीतून राज्याला, राज्यातून पक्षाच्या महाअधिवेशनाला, आणि मग नोव्हेंबरात साऱ्या देशापुढे. राष्ट्राध्यक्ष निवडण्याची सुरुवात आपल्या शाळेच्या या गुळगुळीत फरशीवर होते, या विचाराने ब्रिटाची छाती भरून आली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र सांगितलं, आणखी तासभर त्या थंडीत गेला असता तर अवघड होतं.

तेव्हापासून ब्रिटा नुसत्या फोनवरच्या होकारावर यादीत खूण करत नाही. आणि तुम्हालाही तिची एक विनंती आहे. शेजारी एकटं राहणारं कुणी म्हातारं माणूस असेलच. ते सकाळी फोनवर "येते" म्हणालं असेल, तरी निघताना गाडी थांबवा, उतरा आणि त्यांचं दार वाजवा.